जमिनीचे देणे आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य



आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत व्यापारविषयक लेखांची परंपरा आहे. करांचा बोजा, मंडीचे नियम, वाहतुकीच्या अडचणी, गोदामांची टंचाई इत्यादी विषयांवर अधिकारी मंडळींनी वेळोवेळी लिहिले आहे व यापुढेही ती लिहितील. प्रस्तुत लेखात मी एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या शेतजमिनीची प्रकृती. मी कृषिशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व उभा जन्म धान्याच्या घाऊक व्यापारात घालविलेला एक साधा व्यापारी आहे. तथापि ज्या मालावर आपल्या पेढ्या चालतात तो माल ज्या मातीतून येतो, तिच्यासंबंधी व्यापाऱ्याने बोलू नये असा काही दंडक नाही. उलट ते त्याचे कर्तव्यच आहे, असे माझे नम्र मत आहे.

आपण भांडवल कशास म्हणतो? गादीवरची रोकड, गोदामातील माल, गिरणीतील यंत्रे, बाजारातील पत, इतके मोजले की आपले मोजणे संपते. परंतु या सर्वांच्या मुळाशी असलेले भांडवल आपल्या कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनी, लालबर्रा, कटंगी, किरनापूर, लांजी या भागांतील धानाच्या बांध्या, हेच ते भांडवल होय. ते शेतकऱ्याच्या नावे आहे हे खरे. पण त्याच्या व्याजावर शेतकरी, आडत्या, गिरणीवाला, हमाल, गाडीवाला व किरकोळ दुकानदार असे सर्वच जगतात. ज्या मुद्दलाच्या व्याजावर इतक्यांचा संसार चालतो, त्या मुद्दलाची झीज भरून काढण्याचा भार मात्र एकट्या शेतकऱ्यावर टाकून आपण सारे मोकळे होतो. हा हिशोब न्याय्य नाही आणि फार काळ चालणाराही नाही.

हिशोबाचीच भाषा वापरावयाची तर आकडे पाहू. भातशास्त्रज्ञांच्या मोजणीनुसार एक टन धान पिकविताना दाणा व तणस मिळून जमिनीतून सुमारे १५ ते २० किलो नत्र, २ ते ३ किलो स्फुरद आणि १५ ते २० किलो पालाश उचलले जाते. शिवाय गंधक, जस्त इत्यादी द्रव्ये अल्प प्रमाणात जातात ती निराळीच. म्हणजे आपल्या दारात १०० क्विंटल धान उतरले, की त्याच्या पिकासाठी जमिनीच्या खात्यातून दीडशे ते दोनशे किलो नत्र खर्ची पडले असे समजावे. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत नत्र सुमारे २१ किलो असते. म्हणजे हे नत्र सात ते दहा गोण्यांइतके झाले. त्यातही पाणी साचलेल्या बांधीत टाकलेल्या युरियापैकी निम्म्याहून अधिक नत्र पिकास न लागता हवेत अथवा पाण्यात निघून जाते. पालाशाची गोष्ट याहून लक्षात घेण्याजोगी आहे. पिकाने उचललेल्या पालाशापैकी सुमारे चार पंचमांश भाग दाण्यात नसून तणसात असतो. तेव्हा दाणा बाजारात गेला तरी तणस शेतात परतले, तर या द्रव्याचा मोठा भाग घरचा घरीच राहतो. तणस गेले की तो भागही गेला.

आपल्या पूर्वजांना हे आकडे ठाऊक नव्हते. परंतु व्यवहार ठाऊक होता. येथील शेतकरी मातीस एकाच नावाने ओळखीत नसे. काळी भारी ती कन्हार, तिच्या खालोखाल मोरांड, पिवळसर व वाळूमिश्रित ती सिहार, हलकी खडकाळ ती बरडी, अशी तिची निरनिराळी नावे होती व प्रत्येकीस निराळी वागणूक होती. धान उभे असतानाच ओलीवर लाखोरी, जवस, मसूर टाकण्याची उतेऱ्याची चाल होती. त्यांपैकी लाखोरी, मसूर यांसारखी शेंगवर्गीय पिके आपल्या मुळांच्या गाठींतून हवेतील नत्र जमिनीस मिळवून देत. गुरे घरोघरी असल्याने शेणखताचा उकिरडा प्रत्येक घराच्या मागे असे. आणि या सर्वांवर कळस म्हणजे गावचा तलाव.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग घेऊन बनला. त्यामुळे भंडारा-गोंदियाकडील तलावांची परंपरा ही आपलीही परंपरा आहे. कोहळी समाजाने व गावोगावच्या मालगुजारांनी बांधविलेल्या या तलावांची कीर्ती सर्वश्रुत आहे. आजच्या पूर्व विदर्भातच असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव असून त्यांना 'मामा तलाव' या सुटसुटीत नावाने ओळखतात. तलाव केवळ पाण्यासाठी नव्हता. चढावरच्या रानातून पावसाने वाहून आणलेली बारीक सुपीक माती तो अडवून ठेवी. उन्हाळ्यात तलाव आटला की गावकरी तो गाळ खणून आपापल्या बांध्यांत नेत. त्यामुळे तलाव खोल राही आणि शेताची गेलेली माती शेतात परत येई. पाळीची दुरुस्ती, पाटाची सफाई, पाण्याची वाटणी ही सर्व कामे गावाने मिळून करावयाची असा रिवाज होता.

१९५१ साली जुन्या मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली. ती प्रथा जाणे इष्टच होते, कारण तिच्यात कुळांची पिळवणूकही पुष्कळ होती. परंतु मालगुजार गेला तेव्हा तलावाची काळजी वाहणारी व्यवस्थाही त्याच्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी गावाची दुसरी व्यवस्था सर्वत्र उभी राहिली नाही. तलाव सरकारचे झाले, म्हणजे कोणाचेच राहिले नाहीत. कित्येक गाळाने भरले, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणे झाली. जी माती एके काळी दर उन्हाळ्यात शेतात परतत असे, ती आज तलावाच्या तळाशी पडून आहे.

शेतातील स्थितीही बदलली. धानाची कापणी हार्वेस्टरने होऊ लागल्यापासून तणस कापून घरी न्यावयाचे काम उरले नाही. ते शेतातच विखुरते आणि पुढील पिकाच्या घाईत त्यास काडी लावली जाते. या आगीत तणसातील जवळजवळ सर्व नत्र व ह्युमस होऊ शकणारा सेंद्रिय अंश धुराबरोबर निघून जातो. पालाश बहुतांशी राखेत राहतो खरा. पण ती राख वाऱ्याने वा पहिल्या पावसाने किती टिकते, हे कोणीही पाहून घ्यावे. जेथे पाण्याची सोय आहे तेथे खरिपाच्या धानामागून उन्हाळी धान लावतात व उतेरा मागे पडत चालला आहे. गुरे कमी झाली, उकिरडे लहान झाले आणि त्यांची उणीव एकट्या युरियाने भरून काढण्याची सवय जडली. युरिया स्वस्त आहे व पीक लगेच हिरवेगार दिसते. परंतु एका द्रव्याची भर आणि बाकी सर्वांची उचल, असा हा एकतर्फी जमाखर्च आहे. जस्ताच्या अभावाने धानावर खैरा रोग पडतो, हे पंतनगर येथे डॉ. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले. त्यास आता साठ वर्षे होत आली, तरी पाने तांबूस पडताच युरियाचीच आणखी एक गोणी टाकणारे शेतकरी आजही आढळतात.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सेंद्रिय कर्ब, सामू व क्षारता अशा बारा गोष्टींची नोंद असते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असल्यास जमीन दुबळी व पाऊण टक्क्याहून अधिक असल्यास उत्तम समजतात. योजना चांगली आहे. परंतु बागायती भागात अडीच हेक्टरांस एक व कोरडवाहू भागात दहा हेक्टरांस एक नमुना असे तिचे मूळ माप ठरले होते. आपण व्यापारी परखी घालून प्रत्येक थप्पीचा नमुना काढतो. एका गोणीवरून सबंध गोदामाचा भाव कोणी करीत नाही. ज्या गावात एकाच शिवारात सिहार आणि बरडी शेजारी शेजारी आहेत, तेथे एका नमुन्यावरून अनेकांच्या शेताचे निदान कसे व्हावे? शिवाय पत्रिका हाती आल्यावर ती वाचून दाखविणारा व त्याप्रमाणे खत मिळवून देणारा कोणी नसेल, तर ती भिंतीवरच्या खुंटीस अडकून राहते. योजनेस गावाच्या व बाजाराच्या सहकार्याची जोड हवी, ती अशी.

आता कोणी विचारील की, ज्याची जमीन त्याने सांभाळावी, यात सहकार्याचा प्रश्न कोठे येतो? याचे उत्तर असे की, माती सातबाऱ्याची वा खसऱ्याची हद्द ओळखीत नाही. वरच्या शेतकऱ्याने बांध मोडला तर खालच्याची माती वाहून जाते. एकाने काडी लावली तर शेजाऱ्याचे तणसही पेटते. एकाने उतेरा टाकला आणि बाकीच्यांनी गुरे मोकळी सोडली, तर त्याचे पीक चरून जाते व पुढील वर्षी तोही टाकीत नाही. तलावातील गाळ तर एकट्याने काढावयाची वस्तूच नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हेच सिद्ध करून दाखविले आहे. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाल्यावर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांचे नियम स्वतःवर घालून घेतले, डोंगरउतारावर समपातळी चर खणले, आणि पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडून मगच कोणते पीक घ्यावयाचे ते ठरविण्याची शिस्त लावली. ऊस व केळी यांसारख्या अतितहानेल्या पिकांना गावाने नकार दिला. जे गाव सोडून गेले होते ते परत आले. तेथे पाऊस आपल्या मानाने फारच थोडा; आपल्याकडे पाऊस विपुल असूनही आपण ती शिस्त लावू शकत नाही, याचा विचार व्हावयास हवा.

श्रीमंत राष्ट्रेही या बाबतीत ठेच खाऊनच शहाणी झाली. अमेरिकेच्या मध्य भागातील गवताळ मैदाने नांगरून, गव्हाच्या भावाच्या मोहाने तेथे वर्षानुवर्षे एकच पीक घेतले गेले. १९३० नंतरच्या दशकात अवर्षण पडताच तेथील माती धुळीची वादळे होऊन उडून गेली व लक्षावधी माणसांना घरदार सोडावे लागले. तेव्हा १९३५ साली तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला, आणि १९३७ पासून शेतकऱ्यांनी स्वतः चालवावयाचे स्थानिक मृदासंधारण विभाग स्थापन होऊ लागले. कायदा वरून आला, पण काम शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या करारानेच झाले.

या कामात व्यापाऱ्यांचा पैसा लागणे ही नवी गोष्ट नव्हे. आपल्याच राज्यातील इंदूरचे उदाहरण फार बोलके आहे. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या व्यापारावर एक लहानसा उपकर बसला व त्याचे उत्पन्न भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडे जाऊ लागले. या समितीच्या अनुदानातून आणि मध्य भारतातील संस्थानांच्या साहाय्याने १९२४ साली इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तेथेच सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गुरांच्या गोठ्यातील मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली त्या दोघांचे पुस्तक निघाले आणि 'इंदूर पद्धत' या नावाने ती रीत जगभर गेली. आज जगात सेंद्रिय शेतीचा जो घोष चालला आहे, त्याच्या उगमाशी एका बाजारपेठेच्या गाठींवर आकारलेला लहानसा उपकर आहे, ही गोष्ट प्रत्येक व्यापाऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावी.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाचेच आहे. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात तलाव व धरणे यांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले. शंभराहून अधिक खोदाई यंत्रे संघटनेने पुरविली, इंधनाचा खर्च शासनाने सोसला, आणि काढलेला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपल्या शेतात वाहून नेला. तिघांनी तीन वाटे उचलले. कोणीही कोणास दान दिले नाही. प्रत्येकाने आपला हिस्सा घातला. सहकार्य म्हणतात ते यालाच. बुलढाणा कोरडवाहू जिल्हा. तेथे जे झाले ते तलावांच्या या प्रदेशात न होण्यास काहीच कारण नाही.

यास्तव माझी पहिली सूचना धर्मादायासंबंधी आहे. व्यवहारामागे अल्प रक्कम बाजूस काढून ती पांजरपोळ, गोशाळा, धर्मशाळा, पाणपोई यांना द्यावयाची, ही आपल्या व्यापारातील जुनी व स्तुत्य प्रथा आहे. या रकमेचा एक ठरलेला अंश यापुढे जमिनीसाठी राखून ठेवावा व त्याचे स्वतंत्र खाते संस्थेच्या वहीत उघडावे. मात्र ही रक्कम आपल्या नफ्यातून निघाली पाहिजे. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घेऊन त्याच्याच शेताला दान केल्याचे श्रेय आपण घेऊ नये. या खात्यातून दरवर्षी एका गावाचा एक तलाव निवडावा. ग्रामपंचायतीची रीतसर संमती घ्यावी, तलावात मासेमारी करणाऱ्या बांधवांच्या संस्थेशी आधी बोलावे, गाळाची तपासणी करावी व मगच यंत्र लावावे. यंत्राचा खर्च आपला, वाहतूक शेतकऱ्याची. बरडी व सिहार जमिनीच्या लहान शेतकऱ्यास गाळ प्रथम मिळावा, कारण हलक्या जमिनीस तो पाणी धरण्याचे बळ देतो. भारी कन्हारीस त्याची तेवढी गरज नाही. आपण मदत करीत असलेल्या गोशाळांनाही अशी विनंती करता येईल की, शेतकऱ्यांकडून तणस घ्यावे व त्या बदल्यात इंदूर पद्धतीने केलेले खत त्यांना परत द्यावे. गोसेवा आणि भूमिसेवा ही दोन्ही कामे एकाच गाडीच्या जाण्यायेण्यात होतील.

दुसरी सूचना खरेदीसंबंधी, आणि माझ्या मते ती पैशाहून महत्त्वाची आहे. शेतकरी काय पेरतो हे पुष्कळ अंशी आपण काय घेतो यावर अवलंबून असते. धानास आधारभूत भाव व सरकारी खरेदी आहे. परंतु दोन-चार क्विंटल मसूर, हरभरा वा जवस घेऊन एखादा शेतकरी मंडीत आला, तर 'माल थोडा आहे' म्हणून त्यास पडेल भाव मिळतो. पुढील वर्षी तो ते पीक घेत नाही आणि जमिनीचा विसावा संपतो. आपण आठ-दहा पेढ्यांनी मिळून ठरविले, की कडधान्य व तेलबियांचा लहान मालदेखील एकत्र करून प्रतवारीप्रमाणे योग्य भावाने घेऊ, व हे आश्वासन पेरणीपूर्वी जाहीर केले, तर उतेरा पुन्हा जीव धरील. यात दानधर्म नाही; चांगली डाळ व जवस यांना बाहेर गिऱ्हाईक आहेच, केवळ माल जमविण्याची खटपट कोणी करीत नाही.

तिसरी सूचना काही बंधूंना कदाचित रुचणार नाही, तरी ती करणे मला भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या नावे शेती आहे आणि ती आपण एकेका वर्षाच्या ठेक्याने अथवा बटईने लावतो. ज्यास पुढील साली हीच बांधी मिळेल की नाही याची शाश्वती नाही, तो तीत शेणखत कशास घालील? ढैंचा पेरून रोवणीपूर्वी तो चिखलात गाडण्याचे श्रम कशास घेईल? तो युरिया टाकील, मिळेल तितके काढील व तणसास काडी लावून निघून जाईल. दोष त्याचा नाही, आपल्या कराराचा आहे. ठेका निदान पाच वर्षांचा असावा. तणस जाळू नये, दरवर्षी ठरावीक गाड्या खत पडावे व प्रारंभी आणि अखेरीस मातीची तपासणी व्हावी, अशा अटी त्यात असाव्यात. कर्ब वाढल्यास ठेक्यात सूट द्यावी. गावास उपदेश करण्यापूर्वी आपल्या नावाच्या शेतात हे घडले, तर उपदेशाची गरजही उरणार नाही. तसेच जे बंधू खताचा व्यापार करतात त्यांनी गिऱ्हाइकाची मृदा पत्रिका मागून, ती पाहून खत द्यावे. औषधाचा दुकानदार चिठ्ठी पाहतो, तद्वतच हे होय.

येथे चिन्नोरचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बालाघाटच्या या सुवासिक तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन कोणा एका व्यक्तीचे नसून या भूमीचे व ती कसणाऱ्या सर्वांचे आहे. चिन्नोर हे उंच वाढणारे, उशिरा पिकणारे व उत्पन्नास कमी असे धान आहे. त्यास युरियाचा मारा सोसत नाही, ते लोळते. सेंद्रिय खतावर जपलेल्या जमिनीतच ते शोभते. म्हणजे चिन्नोरचे नाव टिकवावयाचे तर जमीन टिकविली पाहिजे आणि शेतकऱ्यास कमी उत्पन्नाची भरपाई भावातून मिळाली पाहिजे. त्यात दुसरा बारीक तांदूळ मिसळून विकणारा व्यापारी गिऱ्हाइकास फसवितोच, पण जमिनीची काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याचा भावही बुडवितो. शुद्ध मालाची हमी ही अशा रीतीने मृदासंवर्धनाचीच एक बाजू आहे.

या सर्वांवर आक्षेप येतील हे मी जाणतो. कोणी म्हणतील, हे सरकारचे काम आहे. सरकारने आपला वाटा उचललाच पाहिजे. पण तणस न जाळण्याचा हुकूम व दंड असूनही धूर दिसतो, यावरून केवळ हुकमाने हे होत नाही हे उघड आहे. कोणी म्हणतील, धान तर सरकारी केंद्रावर जाते, मग आपण का खर्च करावा? परंतु ते धान भरडावयास अखेर आपल्याच गिरण्यांत येते व त्याचा तांदूळ, कणी, कोंडा आपल्याच बाजारात फिरतो. कोणी असेही म्हणतील की, आमची मुले नागपूर-पुण्यास नोकरीस गेली, आता पुढच्या पिढीसाठी जमीन राखून काय करावयाचे? या आक्षेपास मात्र युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. ज्या गावाने आपल्या आजोबांना उधारीवर उभे केले, त्या गावाचे देणे मुलगा परगावी गेला म्हणून फिटत नाही, इतकेच म्हणावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांना व भगिनींना विशेष उमजेल. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू व वनस्पती यांतही जीव आहे, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. चातुर्मासात पाऊल जपून टाकणारे, सूर्यास्तापूर्वी जेवणारे आपले कुटुंब. एक ओंजळ सुपीक मातीत असंख्य सूक्ष्म जीव असतात व त्यांच्या श्रमानेच काडीकचऱ्याचे अन्न होते, हे आता विज्ञानही सांगते. शेतात पेटलेल्या तणसाबरोबर ते जीव, गांडुळे व किडे किती जळत असतील याची गणती कोण करील? ताटातील भाताविषयी आपण जितके जागरूक असतो, तितकेच त्या भाताच्या शेताविषयी राहणे, ही काही नवी शिकवण नव्हे. जुनीच शिकवण थोडी पुढे नेणे आहे.

असो. लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी. आगामी वार्षिक सभेपुढे मी तीन गोष्टी विचारार्थ ठेवू इच्छितो. धर्मादायातून जमिनीचे स्वतंत्र खाते उघडून येत्या उन्हाळ्यात एका तलावाचे काम धरावे. खरिपाच्या कापणीपूर्वीच कडधान्य व जवस यांच्या एकत्रित खरेदीची घोषणा करावी. आणि सभासदांनी आपल्या शेतीचे ठेके पाच वर्षांचे करून त्यांत वर सांगितलेल्या अटी घालाव्यात. कृषी विज्ञान केंद्र आणि मुरझड येथील राजा भोज कृषी महाविद्यालय ही दोन्ही आपल्या जिल्ह्यातच आहेत. तेथील तज्ज्ञांनी मार्गदर्शन करावे अशी विनंती संस्थेने त्यांना करावी. पहिल्या वर्षी एकच तलाव व वीस-पंचवीस शेतकरी इतकेच झाले तरी पुरे. दरवर्षी त्याच शेतांतील मातीची तपासणी करून तिचे आकडे या स्मरणिकेत, जमाखर्चाच्या पानाशेजारीच छापले जावेत, म्हणजे काम खरोखर होत आहे की नाही हे प्रत्येक सभासदास दिसेल. आपण व्यापारी आहोत. आकडा खोटा असेल तर तो आपल्या डोळ्यांतून सुटत नाही. आता हा हिशोब आपण एकदा हाती घ्यावा, इतकीच नम्र प्रार्थना.